जॉन स्नो : रक्तातली मात्रा मोजणारा डॉक्टर

लंडनच्या सोहो भागात, पूर्वी ब्रॉड स्ट्रीट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या जुन्या पंपाची प्रतिकृती उभी आहे. तिला दांडा नाही आणि तो मुद्दामच बसवलेला नाही. जवळच ‘जॉन स्नो’ नावाचे मद्यालय आहे. ज्यांचे नाव त्या पाटीवर आहे ते डॉक्टर तरुणपणी मद्यनिषेधाच्या चळवळीत होते, आयुष्याचा बहुतेक काळ दारूपासून दूर राहिले आणि पाणीदेखील ऊर्ध्वपातित करूनच पीत. याला लंडनकरांची विनोदबुद्धी म्हणावी की विस्मरण, हे ठरवणे कठीण आहे.

जॉन स्नो हे नाव आज जगभर घेतले जाते ते पटकीच्या साथीमुळे. 1854 साली पंपाचा दांडा काढायला लावणारे, पटकी पाण्यातून पसरते हे आकड्यांनिशी दाखवणारे, साथरोगशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक, अशी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून होते. परंतु त्यांचा चरितार्थ पटकीवर चालत नव्हता. ते भूल देणारे डॉक्टर होते आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये या विषयाचा त्यांच्याइतका खोल अभ्यास कोणीच केला नव्हता. औषध शरीरात कोणत्या वाटेने शिरते, रक्तात किती मिसळते, मेंदूपर्यंत आणि हृदयापर्यंत किती पोहोचते आणि अखेर कसे बाहेर पडते, हे प्रश्न आज औषधगतिशास्त्र, म्हणजेच फार्माकोकायनेटिक्स, या नावाखाली शिकवले जातात. जर्मनीच्या फ्रीडरिश डोस्ट यांनी 1953 साली रक्तातील औषधाच्या पातळीवर ग्रंथ लिहून हे नाव रूढ केले. त्याच्या शंभर वर्षे आधी स्नो काचेच्या बरणीत उंदीर आणि पाखरे ठेवून त्याच प्रश्नांची उत्तरे शोधत होते. पटकीचे कोडे त्यांना उलगडले त्याचे मूळही, माझ्या मते, या बरणीतच आहे.

यॉर्क शहरात औझ नदीच्या काठी, कष्टकऱ्यांच्या वस्तीत, 15 मार्च 1813 रोजी जॉनचा जन्म झाला. वडील मजुरी करीत. नऊ भावंडांत तो थोरला. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलला विल्यम हार्डकॅसल या शल्यवैद्याकडे उमेदवारीसाठी धाडण्यात आले. डॉक्टर होण्याचा, गरिबाच्या मुलाच्या आवाक्यातला मार्ग तेव्हा हाच होता. 1831 च्या अखेरीस पटकी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली, किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत माणसे मरू लागली आणि अठरा वर्षांच्या जॉनला रोग्यांच्या मदतीसाठी तिकडे पाठवण्यात आले. हाती खात्रीचा उपाय असा काहीच नव्हता. मात्र एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. खाणकामगार शिदोरी घेऊन खाली उतरत, आठ-नऊ तास तिथेच राहत, शौचालयाची सोय नसल्याने विधी तिथेच उरकत आणि न धुतलेल्या हातांनी जेवत. हे निरीक्षण कामी यायला आणखी सतरा-अठरा वर्षे जायची होती.

सतराव्या वर्षी एका पुस्तकाच्या प्रभावाने त्याने मांसाहार सोडला. 1836 मध्ये तो लंडनला आला, तोही बराच प्रवास पायी करून. हंटेरियन वैद्यकशाळेत आणि वेस्टमिन्स्टर रुग्णालयात शिक्षण झाले, 1838 मध्ये परवाना मिळाला आणि सोहोतील फ्रिथ स्ट्रीटवर डॉक्टर स्नो यांनी दवाखाना थाटला. 1844 मध्ये लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवीही मिळाली. रोगी मात्र फारसे फिरकत नसत. आवाज घोगरा, स्वभाव संकोची, बड्या घरांशी ओळख नाही. वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीच्या सभांना ते नेमाने जात, बोलायला उभे राहत आणि सुरुवातीला त्यांच्या बोलण्याकडे कोणी लक्षही देत नसे. 1841 मध्ये त्यांनी तेथे निबंध वाचला तो जन्मतः न रडणाऱ्या, गुदमरलेल्या अर्भकांना श्वास कसा द्यावा यावर. श्वासाचा विषय त्यांच्या मनात भूल नावाचा प्रकार जगाला ठाऊक होण्यापूर्वीपासून घोळत होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध केले आणि त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया वेदनेविना पार पडली. ही बातमी जहाजाने अटलांटिक ओलांडून आली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये ईथरचा वापर सुरू झाला. पहिल्या काही आठवड्यांत अनुभव विचित्र येत होता. एक रोगी गाढ झोपे, दुसरा नुसताच खोकत बसे, तिसरा अर्धवट गुंगीत आरडाओरडा करून शल्यवैद्याला लाथा मारी. काहींनी दोष रोग्यांच्या प्रकृतीला दिला, काहींनी ईथरलाच.

स्नो यांनी दोष तापमानाला दिला. ईथर हा अतिशय उडून जाणारा द्रव. बंद भांड्यात तो हवेत किती मिसळेल हे त्याच्या उष्णतेवर अवलंबून असते. शून्य अंश सेल्सियसला हवेत ईथरची वाफ सुमारे चौथा हिस्सा असू शकते, तर 20 अंशांना निम्म्याहून अधिक. शिवाय उडताना ईथर स्वतःच थंड होतो, त्यामुळे त्याची वाफ क्षणोक्षणी पातळ होत जाते. म्हणजे एकाच बाटलीतून, एकाच बोळ्यावर ओतलेल्या ईथरचा थंड खोलीत एक परिणाम आणि उबदार खोलीत भलताच परिणाम. बोस्टनच्या घटनेला जेमतेम तीन महिने होत असताना, जानेवारी 1847 मध्ये, स्नो यांनी कोणत्या तापमानाला हवेत किती ईथर मावतो याचे कोष्टक प्रसिद्ध केले. पाठोपाठ पाण्याच्या भांड्यात बसवलेले धातूचे एक यंत्र तयार केले. पाण्यामुळे तापमान स्थिर राहावे, नळी रुंद असावी म्हणजे श्वास घ्यायला अडचण पडू नये, आणि उच्छ्वास झडपेतून बाहेर जावा, अशी त्याची रचना होती. लवकरच सेंट जॉर्ज रुग्णालयातील शस्त्रक्रियांना भूल देण्याचे काम त्यांच्याकडे आले. वर्ष संपण्याआधी ईथरवरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यात भुलीच्या पाच पायऱ्या नोंदवल्या होत्या : जागेपणीची किंचित गुंगी येथपासून श्वास बंद पडू लागण्यापर्यंत. पाचव्या पायरीवर कोणत्याही रोग्याला नेऊ नये. ती त्यांनी पाहिली होती ती प्राण्यांत.

पुस्तक बाहेर पडते न पडते तोच एडिंबरोहून नवी बातमी आली. नोव्हेंबर 1847 मध्ये जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा शोध लावला, म्हणजे त्याचा भुलीसाठी उपयोग शोधला. ईथरपेक्षा हे औषध वासाला गोड, थोडे पुरे, परिणाम झटपट आणि यंत्राची गरजच नाही. रुमालावर ओतावे आणि नाकाशी धरावे, झाले! इंग्लंड-स्कॉटलंडने ईथर जवळजवळ टाकूनच दिला. तीन महिनेही झाले नव्हते तोच, 28 जानेवारी 1848 रोजी, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दोन-तीन मिनिटांत दगावली. याच मुलीच्या दुसऱ्या पायाच्या बोटावर काही महिन्यांपूर्वी ईथरखाली शस्त्रक्रिया निर्वेध झाली होती.

असे मृत्यू पुढेही घडत राहिले. रोगी बहुधा तरुण, धडधाकट, शस्त्रक्रिया किरकोळ आणि मृत्यू अचानक. क्लोरोफॉर्म वाईट म्हणून तो सोडून द्यावा, असे म्हणणारा एक पक्ष होता. औषध निर्दोष आहे, रोग्याचे हृदयच मुळात दुबळे असणार, असे म्हणणारा दुसरा. स्नो यांनी विचारले ते वेगळेच : मृत्यूच्या क्षणी त्या रोग्याच्या रक्तात क्लोरोफॉर्म नेमका किती होता?

आज रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत धाडला की तासाभरात आकडा येतो. 1848 मध्ये असे काही नव्हते. स्नो यांनी काढलेली युक्ती साधी आणि, मला वाटते, त्यांच्या सर्व कामातली सर्वांत सुंदर. मोठ्या काचेच्या बरणीतील हवेत मोजून क्लोरोफॉर्म सोडायचा आणि आत उंदीर किंवा एखादे पाखरू ठेवायचे. थोड्या वेळाने बरणीतली हवा आणि प्राण्याचे रक्त यांच्यात समतोल होतो. फुप्फुसातून जेवढी वाफ रक्तात जाते तेवढीच परत येते. हवेतील प्रमाण ठाऊक आहे, त्या तापमानाला रक्तरसात जास्तीत जास्त किती क्लोरोफॉर्म विरघळू शकतो हेही मोजून काढलेले आहे. मग रक्तात प्रत्यक्ष किती आहे हे त्रैराशिकाने निघते. त्यांचे उत्तर असे आले की, रक्त जेवढा क्लोरोफॉर्म सामावून घेऊ शकते त्याच्या 1/56 हिश्श्याला भुलीची दुसरी पायरी येते आणि 1/28 हिश्श्याला चौथी. हलकी गुंगी आणि गाढ बेशुद्धी यांत अंतर केवळ दुपटीचे. त्यानंतर लगेच मृत्यूचा उंबरठा.

इतर वाफांवर हेच प्रयोग करताना त्यांच्या ध्यानात आले की जो पदार्थ रक्तात कमी विरघळतो तो कमी प्रमाणात पुरतो. ईथर रक्तात पुष्कळ विरघळतो म्हणून पुष्कळ लागतो. भुलीची ताकद आणि विद्राव्यता यांचे नाते शोधणारे संशोधक पुढच्या अर्धशतकात आणखी झाले, पण त्या वाटेवरचे पहिले पाऊल हे होते.

या हिशोबातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष अत्यंत महत्त्वाचा होता. रुमालावर किती क्लोरोफॉर्म ओतला याला फारसा अर्थ नाही. शे-दोनशे थेंब पातळ करून अर्ध्या तासात दिले तर माणूस सुखरूप झोपतो. त्याच्या अंशाएवढे थेंब दाट वाफेच्या रूपाने तीन-चार श्वासांत गेले तर तो मरू शकतो. साध्या खोलीच्या तापमानाला, 20 अंशांना, क्लोरोफॉर्मने संपृक्त झालेल्या हवेत त्याचे प्रमाण पाचव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. स्नो यांचे सांगणे असे की ते 4-5 टक्क्यांपलीकडे जाऊच देऊ नये. कारण फुप्फुसातून निघालेले रक्त प्रथम हृदयात येते आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही तेच रक्त मिळते. वाफ दाट असेल तर ते रक्त बाकीच्या शरीरात मिसळून सौम्य होण्याआधीच हृदयाला ग्रासते. औषध एकच, रोगी एकच, एकूण मात्राही कदाचित एकच. फरक पडतो तो शिरण्याच्या वेगाने आणि आधी कोठे पोहोचते याने.

हेच प्रश्न त्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूनेही विचारले. भूल उतरते म्हणजे औषधाचे होते काय? ते शरीरात जळून नाहीसे होते, की जसेच्या तसे निघून जाते? रोग्याच्या उच्छ्वासातील हवा तापवून लाल केलेल्या नळीतून सोडली की त्यात क्लोरोफॉर्म असल्यास तो फुटतो आणि सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पांढरा साका धरतो. या कसोटीने श्वासातून क्लोरोफॉर्म परत येतो हे त्यांनी दाखवले. मग शंका आली : जर तो श्वासातूनच निसटत असेल, तर श्वास कोंडून धरल्यास भूल लांबली पाहिजे. उच्छ्वासातील कर्बवायू दाहक पोटॅशने शोषून घ्यायचा, प्राणवायू पुरवायचा आणि तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घ्यायची, असे उपकरण त्यांनी जुळवले आणि प्रयोग केला तो स्वतःवर. गुंगी खरोखरच लांबली. आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहात भुलीच्या यंत्राला कर्बवायू शोषणारा डबा जोडलेला असतो, त्याचे तत्त्व हेच.

स्वतःवरचे असे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षे केले. ईथर, क्लोरोफॉर्म, बेंझीन आणि आणखी कितीतरी वाफा. घरी एकटेच, लग्न केले नाही, घड्याळ समोर ठेवून हुंगायचे आणि शुद्धीवर आले की वेळ टिपून घ्यायची. त्यांचे मूत्रपिंड पुढे निकामी होत गेले त्याचे कारण हेच असावे, असा तर्क नंतरच्या काही डॉक्टरांनी केला आहे.

आता राजवाड्यातील प्रसिद्ध प्रसंग. 7 एप्रिल 1853 रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या आठव्या बाळंतपणासाठी, राजपुत्र लिओपोल्ड यांच्या जन्मावेळी, स्नो यांना बकिंगहॅम राजवाड्यात बोलावण्यात आले. रुमालावर क्लोरोफॉर्म ओतण्याच्या पद्धतीवर जन्मभर टीका केलेल्या या डॉक्टरांनी राणीसाहेबांना भूल दिली ती रुमालावरच. यात विसंगती वाटेल, पण ती नाही. एका कळेसरशी जेमतेम 15 मिनिम, म्हणजे एक मिलिलिटरहूनही कमी, एवढाच क्लोरोफॉर्म ते रुमालावर घेत. एवढ्याशा थेंबांत धोकादायक दाट वाफ टिकूच शकत नाही. राणी 53 मिनिटे क्लोरोफॉर्म घेत होत्या आणि पूर्ण बेशुद्ध अशा एकदाही झाल्या नाहीत. फक्त कळांची धार बोथट झाली. प्रसूतिवेदना ईश्वरी योजनेचा भाग आहेत, त्या कमी करू नयेत, असे म्हणणारे धर्मपंडित आणि डॉक्टरही तेव्हा होते. राणीनेच क्लोरोफॉर्म घेतल्यावर त्यांच्या बोलण्यातला जोर ओसरला. चार वर्षांनी, 14 एप्रिल 1857 रोजी, राजकन्या बीअॅट्रिस यांच्या जन्मावेळीही स्नो हजर होते. राजवाड्यात काय घडले हे विचारणाऱ्या रोग्यांना त्यांनी कधी ताकास तूर लागू दिला नाही म्हणतात.

पटकीचा विषय मात्र याच वर्षांत समांतर चालला होता. पटकी, प्लेग, ताप हे सारे कुजलेल्या घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे होतात, हा त्या काळातील सर्वमान्य सिद्धांत. सरकारी आरोग्य मंडळ त्याच मताचे, वर्तमानपत्रेही त्याच मताची. स्नो यांना तो पटेना, आणि न पटण्याचे कारण त्यांच्या व्यवसायात दडलेले आहे. वाफ हवेत किती झपाट्याने विरळ होते, हे रोज मोजणारा तो माणूस. गटारातून उठलेला विषारी वायू शंभर पावलांवरच्या माणसाला मारण्याइतका दाट राहीलच कसा? आणि तसा तो राहत असेल तर हाडे उकळणारे, चामडे कमावणारे, नाले उपसणारे सर्वांत आधी मेले पाहिजेत. ते तर मरत नाहीत. दुसरे असे की, वायूरूप विष फुप्फुसातून रक्तात जाते, सर्व शरीरभर पसरते आणि आधी सार्वदेहिक लक्षणे दिसतात. पटकीत आधी बिघडते ते आतडे. ज्वर नाही, ग्लानी नाही, सुरुवातच जुलाब आणि उलटीने. मग हे विष फुप्फुसातून आलेले नसून तोंडावाटे पोटात गेलेले असले पाहिजे. न धुतलेल्या हातांनी खाणीत जेवणारे किलिंगवर्थचे मजूर त्यांना आठवले असतीलच.

1849 मध्ये त्यांनी हे मत एका छोट्या पुस्तिकेत मांडले. कोणी मनावर घेतले नाही. ऑगस्ट 1854 च्या अखेरच्या रात्री सोहोत पटकीचा उद्रेक झाला. तेव्हा ते जवळच्याच सॅकव्हिल स्ट्रीटवर राहत होते. निबंधकांच्या कचेरीतून 83 मृतांची यादी घेऊन ते दारोदार फिरले. जवळजवळ सर्व मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई या साथीत दगावली होती. तिला म्हणे ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडत असे, म्हणून रोज तेथून पाणी मागवी. उलट पंपाला अगदी लागून असलेल्या मद्याच्या कारखान्यातील 70 कामगार ठणठणीत राहिले, कारण त्यांना बिअर फुकट मिळे आणि पंपाचे पाणी ते पीतच नसत. 7 सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी स्थानिक विश्वस्त मंडळापुढे ही माहिती ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. सहाशेहून अधिक माणसे त्या एका वस्तीत गेली. दांडा काढला आणि साथ थांबली, ही गोष्ट ऐकायला फार नाट्यमय आहे. प्रत्यक्षात लोक घरे सोडून पळाले होते आणि साथ आधीच ओसरू लागली होती. ही कबुली खुद्द स्नो यांनीच लिहून ठेवली आहे.

त्यांचा खरा भक्कम पुरावा दक्षिण लंडनचा. तेथे दोन कंपन्या एकाच गल्लीत, एकमेकांना लागून असलेल्या घरांना पाणी पुरवीत. लॅम्बेथ कंपनीने 1852 मध्ये आपला पाणी उपसा थेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहराच्या सांडपाण्यातच पंप बुडवून बसली होती. हवा तीच, गल्ली तीच, गरिबी तीच. पाणी तेवढे वेगळे. 1854 च्या साथीत पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे साउथवर्कच्या ग्राहकांत 315 मृत्यू झाले आणि लॅम्बेथच्या ग्राहकांत 37. ज्या घरांत आपल्याकडे कोणत्या कंपनीचे पाणी येते हेच भाडेकरूंना माहीत नसे, तेथे स्नो पाण्याचा नमुना घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. भरतीच्या वेळी समुद्राचे क्षार वर चढत असल्याने साउथवर्कच्या पाण्यात मिठाचे प्रमाण कितीतरी पट अधिक असे आणि दाट पांढरा साका बसे. क्लोरोफॉर्म रोग्याच्या श्वासातून बाहेर येतो हे ज्या रसायनाने दाखवले, तेच रसायन आता पटकी कोणत्या नळातून घरात शिरते हे दाखवीत होते.

1855 मध्ये त्यांनी या सर्वांचा समावेश असलेली मोठी आवृत्ती काढली. स्वतःचे दोनशेहून अधिक पौंड खर्ची घातले. खपल्या 56 प्रती. त्याच वर्षी संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली की दुर्गंधीयुक्त कारखान्यांमुळे साथी पसरतात याला पुरावा नाही. दुर्गंधी असह्य असते हे त्यांना अमान्य नव्हतेच. तरीही ‘लॅन्सेट’ या मातब्बर वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक थॉमस वॅकली यांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतले. घाणीच्या व्यापाऱ्यांचा कैवारी असा शिक्का बसला. स्नो यांनी आपले म्हणणे शांतपणे पुन्हा मांडले आणि सकाळी शस्त्रक्रियागृहात हजर झाले.

यशाचीच यादी द्यायची तर येथे थांबता येईल, पण ते खरे चित्र होणार नाही. क्लोरोफॉर्महून सुरक्षित वाफ सापडावी म्हणून ते सतत शोधात असत. 1856 च्या अखेरीस अमिलीन नावाचा पदार्थ त्यांना हाती लागला. प्राण्यांवर, स्वतःवर आणि मग रोग्यांवर. दोनशेहून अधिक वेळा त्यांनी तो दिला आणि प्रकाशितही केला. 1857 मध्ये त्यांच्याच हातून, सारी काळजी घेऊनही, अमिलीनखाली दोन रोगी दगावले. दोन्ही मृत्यूंची तपशीलवार नोंद त्यांनी स्वतः छापली आणि अमिलीन देणे बंद केले.

शेवटची दोन वर्षे ते क्लोरोफॉर्मवरील मोठा ग्रंथ लिहीत होते. क्लोरोफॉर्मखाली झालेल्या सुमारे 50 मृत्यूंचा एकेक करून त्यात छडा लावला होता : औषध कशावर ओतले, किती वेळ, नाडी आधी थांबली की श्वास. 10 जून 1858 रोजी लिहिण्यास बसले असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. 16 जूनला ते गेले. वय 45. अपुरा राहिलेला ग्रंथ त्यांचे मित्र बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. 1862 मध्ये जोसेफ क्लोव्हर यांनी मोठ्या पिशवीत साडेचार टक्के क्लोरोफॉर्म आधीच मोजून भरण्याचे यंत्र काढले, ते स्नो यांचाच आकडा प्रमाण मानून.

वाद मात्र त्यांच्यासोबत संपला नाही आणि त्याचा पुढचा अंक रंगला तो आपल्या शेजारी, हैदराबादेत. तेथील निजामाच्या सेवेतील शल्यवैद्य एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले. क्लोरोफॉर्म हृदयाला थेट इजा करीत नाही, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे, हा त्यांचा ठाम सिद्धांत. 1889 मध्ये निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला धाडले. शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन या क्लोरोफॉर्म आयोगाने लॉरी यांची बाजू उचलून धरली. या प्रयोगांत सहभागी असलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांचे नाव जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये घेतले जाते. पुढे 1911 मध्ये इंग्लंडचे गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मने हृदयाची लय अचानक विस्कटून मृत्यू येऊ शकतो, आणि तोही बहुधा हलक्या, अर्धवट भुलीत. हृदय थेट बंद पडू शकते, हे स्नो यांचे म्हणणे हैदराबादच्या निष्कर्षावर मात करून खरे ठरले. पण मृत्यूचे सारे खापर त्यांनी दाट वाफेवर फोडले होते, ते पुरते बरोबर नव्हते. भीतीने उसळलेल्या अॅड्रिनलिनचा त्यात हात असतो, आणि हा पदार्थ त्यांच्या काळी कोणालाच माहीत नव्हता. हॅना ग्रीनर भूल घेण्यापूर्वी घाबरून हुंदके देत होती, हे तिच्या मृत्यूच्या चौकशीत नोंदले गेले आहे.

स्नो वारले तेव्हा ‘लॅन्सेट’ने त्यांच्यावर अवघी दोन वाक्ये छापली. पहिल्यात मृत्यूची वार्ता होती. दुसऱ्यात क्लोरोफॉर्मवरील त्यांच्या संशोधनाची व्यवसायबंधूंनी कदर केली, एवढेच होते. पटकीचा उल्लेखही नव्हता. 2013 मध्ये, त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, त्याच ‘लॅन्सेट’ने 155 वर्षांपूर्वीच्या त्या मृत्युलेखाची दुरुस्ती प्रसिद्ध केली.